उभं राहताना पावलांवरचं वजन: आधी काय तपासायचं, मग काय दुरुस्त करायचं

टाच दुखते, चवड्याखाली जळजळतं, संध्याकाळी पाय भरून येतात अशी तक्रार केली की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच या तीन जागांवर, तिपाईच्या तीन पायांसारखं, सारखं वजन देऊन उभे राहा. सल्ला तसा वाईट नाही. पण तो ऐकून लोक बोटं जमिनीत रोवतात, कमान जोर लावून वर खेचतात, पावलाच्या बाहेरच्या कडेवर कलतात आणि गुडघे मागे ताठ करतात. मग पोटऱ्या दुखायला लागतात आणि सगळंच सोडून दिलं जातं.

गडबड क्रमात होते. तळव्यावर वजन कुठे पडणार हे मुख्यतः वरचं शरीर पावलावर कुठे उभं आहे त्यावर ठरतं. म्हणून आधी डावं-उजवं बघायचं, मग पुढचं-मागचं, त्यानंतर पावलाची आतली-बाहेरची बाजू, आणि बोटं सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण नेमकी बोटांपासून सुरुवात करतात.

## ‘सारखं वजन’ म्हणजे नेमकं किती

तिपाईचं उदाहरण इथे फसवतं. तीन पाय म्हटलं की एक-तृतीयांश, एक-तृतीयांश असा हिशोब डोक्यात येतो. पाऊल तसं चालत नाही. दाब मोजणाऱ्या पट्टीवर अनवाणी, शांत उभ्या असलेल्या माणसांची मोजमापं घेतली, तर पावलावरच्या भारापैकी सरासरी ६० टक्के टाचेवर, सुमारे २८ टक्के चवड्यावर, ८ टक्के मधल्या भागावर आणि जेमतेम ४ टक्के बोटांवर पडतो.

तुमचं वजन ६० किलो असेल, तर प्रत्येक पावलाच्या वाट्याला ३० किलो येतात. त्यातले साधारण १८ किलो टाच घेते, साडेआठ किलो चवडा, दोन-अडीच किलो मधला भाग, आणि पाचही बोटं मिळून एखादा किलो. माणसागणिक यात बराच फरक पडतो. तरी दोन गोष्टी धरून ठेवा: टाचेवर जास्त भार असणं हे बिघाडाचं लक्षण नाही, आणि शांत उभं असताना बोटांना जवळपास काम नसतं.

चवड्यातही भार फक्त दोन टोकांवर नसतो. पाचही बोटांची मुळं जमिनीला टेकलेली असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी दाब बऱ्याचदा सर्वांत जास्त असतो. बुटांच्या दुकानात किंवा शिबिरात पायाचा रंगीत छाप काढून लाल ठिपके दाखवले, तर लगेच घाबरून महागडे इनसोल घेऊ नका. लाल रंग म्हणजे तिथे दाब जास्त आहे, एवढंच. टाचेचा मध्य लाल दिसणं साहजिक आहे.

## तयारी

लागणारं सामान घरातलंच आहे: वजनकाटा (दोन मिळाले तर उत्तम), काट्याच्या उंचीची फळी किंवा जुन्या पुस्तकांचा पक्का गठ्ठा, वह्यांना घालतो तो खाकी कागद, दोरा आणि त्याला बांधायला नट किंवा किल्ली, आणि फोनचा कॅमेरा. शक्य असेल तर घरातलं कुणीतरी मदतीला घ्या. का ते पुढे येईलच.

जागा निवडताना फसगत होते. आपल्याकडे बाथरूम, मोरी, गॅलरी आणि गच्ची यांच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. तिथे घेतलेलं मोजमाप उताराचं असतं, तुमचं नसतं. हॉलच्या मध्यभागी उभे राहा. आधी फरशीवर गोटी ठेवून बघा. ती एकाच बाजूला घरंगळत असेल तर जागा बदला. सतरंजी, गालिचा, योगा मॅट यांवर काटा ठेवू नका, आकडा चुकतो.

वेळ अशी निवडा की पाय थकलेले नसतील. लांब चालून आल्यावर किंवा दिवसभर उभं राहिल्यावर शरीर दुखरी बाजू वाचवत असतं.

सावधान: मधुमेह असेल आणि तळव्यांना बधिरपणा आला असेल, तर ‘कुठे दाब जाणवतो’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नका. जाणीवच कमी झालेली असते. अशा वेळी डोळ्यांनी तपासा, काट्याचे आकडे बघा आणि अनवाणी सराव करू नका. पायावर जखम, ताजी सूज, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा फ्रॅक्चर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चक्कर येत असेल, तोल जात असेल, किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील, तर भिंतीजवळ, हाताशी जड खुर्ची ठेवूनच उभे राहा.

## टप्पा १: तळवे आणि चप्पल वाचा

उजेडात बसून दोन्ही तळवे बघा; वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा. घट्टे कुठे आहेत? करंगळीच्या मुळाशी जाड घट्टा असेल तर वजन बाहेरच्या कडेवर जात असण्याची शक्यता आहे. अंगठ्याच्या आतल्या कडेला घट्टा असेल तर पाऊल आत कलत असेल. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाखाली रुंद घट्टा असेल तर चवड्यावर भार जास्त आहे, किंवा पादत्राण पुढे अरुंद आहे. बोटांच्या टोकांवर कातडी जाड झाली असेल तर बोटं आवळण्याची सवय जवळपास नक्की समजा.

घोट्याच्या बाहेरच्या हाडावरचा घट्टा मात्र या हिशोबात धरू नका. तो फरशीवर मांडी घालून बसण्याचा असतो.

चपलेच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. टाचेची मागची बाहेरची कड झिजली की लोक म्हणतात, मी बाहेर कलून उभा राहतो. चालताना टाच साधारणपणे बाहेरच्या कडेनेच आधी टेकते, त्यामुळे ती झीज बहुतेकांना असते. उभं राहण्याचा अंदाज घ्यायचा असेल तर तळाची झीज सोडा आणि चपलेच्या वरच्या बाजूला उमटलेला पावलाचा खळगा बघा. तो कुठे खोल, कुठे काळपट आहे आणि दोन्ही चपलांत सारखा आहे का, एवढं टिपून ठेवा.

सावधान: घट्टा किंवा कुरूप ब्लेडने कापू नका. औषधी पट्टीत कातडी विरघळवणारं आम्ल असतं. मधुमेह असलेल्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावू नये.

## टप्पा २: ओलं पाऊल

पाऊल पाण्यात बुडवून, थोडं निथळून खाकी कागदावर सरळ उभे राहा, मग उचला. पेनाने कडा लगेच गिरवा, छाप वाळून जातो. मधला पट्टा पावलाच्या रुंदीच्या साधारण निम्मा असेल तर कमान मध्यम. पूर्ण तळवा उमटला तर कमान बसकी. पट्टा अगदी बारीक किंवा गायब असेल तर कमान उंच.

छापावरून जमिनीला काय टेकतं ते कळतं, किती जोराने टेकतं ते कळत नाही. सपाट छाप म्हणजे आजारही नव्हे. भिंत धरून दोन्ही चवड्यांवर उभे राहा: कमान वर आली आणि टाचा किंचित आत वळल्या, तर तो लवचिक सपाट तळवा आहे, आणि दुखत नसेल तर त्याचं काही करावं लागत नाही. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तळवे सपाट दिसणं सर्वसाधारण आहे, त्यांच्यामागे लागू नका.

## टप्पा ३: डावं-उजवं

इथून खरं काम सुरू होतं. एका पायावर रेलून उभे असाल तर पुढची सगळी मोजमापं त्या पायाची होतात, म्हणून हा टप्पा ओलांडून पुढे जाऊ नका.

१. दोन काटे असतील तर आधी दोन्हींवर आळीपाळीने पूर्ण उभे राहून आकडे ताडून घ्या. फरक असेल तर लिहून ठेवा.

२. काटे शेजारी ठेवा आणि प्रत्येकावर एक पाऊल ठेवा. दोन पावलांत साधारण एक पाऊल मावेल इतकं अंतर ठेवा. बोटं किंचित बाहेर वळली तरी हरकत नाही. जबरदस्तीने समांतर करू नका.

३. समोर, डोळ्यांच्या उंचीवर बघा. आकडा स्वतः वाचू नका. खाली बघितलं की डोकं पुढे जातं आणि वजनही सरकतं. मदतनीसाला वाचायला सांगा किंवा फोनने व्हिडिओ घ्या.

४. बरेच इलेक्ट्रॉनिक काटे दोन-तीन सेकंदांत आकडा गोठवतात. मग तुम्ही हललात तरी आकडा हलत नाही. प्रत्येक वेळी उतरून पुन्हा चढा. काट्याची सुई असलेला जुना वजनकाटा या कामाला जास्त चांगला, कारण वजन सरकताना दिसतं.

५. काट्यांची अदलाबदल करून पुन्हा मोजा आणि प्रत्येक पायाची सरासरी काढा.

काटा एकच असेल तर दुसऱ्या पायाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवा, मग बाजू बदला. फळी थोडी उंच-सखल असली तरी आकडा बिघडतो, तेव्हा उंची नीट जुळवा.

६० किलोच्या माणसात ३१ आणि २९, फार तर ३२ आणि २८ आले तर सोडून द्या. उभं असताना शरीर सतत किंचित डोलत असतं. अगदी स्थिर कुणीच नसतं. माझा ढोबळ नियम असा: दोन पायांतला फरक एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त असेल आणि वेगवेगळ्या दिवशी त्याच बाजूला येत असेल, तरच तो मनावर घ्या.

दुरुस्तीसाठी कंबर ढकलू नका. गुडघे किंचित सैल सोडा, दोन्ही पायांवर आळीपाळीने मोठे झोके घ्या, ते हळूहळू लहान करत या आणि जिथे झोका आपोआप थांबतो तिथे राहा. लगेच आकडा बघा. मेंदूला जे ‘मध्य’ वाटतं ते आणि काटा दाखवतो ते यांत तफावत असेल, तर सुरुवातीला खरा मध्यच तिरका वाटेल. सरावाने ते जातं.

पडताळा: फरक तरीही राहत असेल तर दिवसभरातली कारणं शोधा. एकाच खांद्यावरची बॅग, मूल कायम एकाच कडेवर, पूर्वी मुरगळलेला घोटा, दुखरा गुडघा. दुखऱ्या गुडघ्यावर जबरदस्तीने निम्मं वजन टाकणं ही दुरुस्ती नव्हे. शरीर त्याला वाचवत आहे. आधी गुडघा दाखवा.

## टप्पा ४: पुढे-मागे

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

शरीराच्या भाराची रेषा घोट्याच्या बरोबर मधून जात नाही, ती थोडी पुढून जाते. म्हणूनच शांत उभं असतानाही पोटरीला हलकं काम चालू असतं. शरीर पुढे पडू नये म्हणून ती धरून ठेवते. रेषा फार पुढे गेली की पोटऱ्या ताठरतात, चवडा भाजतो, बोटं जमीन पकडतात. फार मागे गेली की गुडघे मागे अडकतात आणि टाचांवर आदळल्यासारखा ताण येतो.

१. दाराच्या चौकटीतून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. त्याच्या शेजारी, कॅमेऱ्याकडे शरीराची एक बाजू करून उभे राहा, असे की ओळंब्याचं टोक बाहेरच्या घोट्याच्या हाडापुढे दोन-तीन बोटांवर येईल.

२. मदतनीसाला कमरेच्या उंचीवरून बाजूचा फोटो काढायला सांगा. कान, खांदा, खुब्याचं हाड आणि गुडघा दोऱ्याच्या किती पुढे-मागे आहेत ते बघा. सगळं एकाच रेषेत काटेकोर येणार नाही. पण खुबा दोऱ्याच्या बराच पुढे आणि खांदे मागे असतील, म्हणजे पोट पुढे काढून रेलून उभं राहण्याची सवय असेल, तर ती फोटोत लगेच दिसते.

३. आता काट्यावर फक्त टाचा ठेवा आणि चवडे तेवढ्याच उंचीच्या फळीवर. समोर बघा, आकडा दुसऱ्याला वाचू द्या. एकूण वजनाच्या निम्म्याहून जास्त आणि दोन-तृतीयांशाच्या आत आकडा असेल तर ठीक. ६० किलोच्या माणसाला ३० ते ४० किलोंच्या मधे.

४. सुधारणा घोट्यातून करा. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एकसंध ठेवून, घोट्यात हलकेच पुढे झुका, मग मागे या. झोके लहान करत थांबा.

कमरेत वाकून वजन पुढे आणणं ही सर्वांत मोठी चूक. डोकं पुढे जातं, कुल्ले मागे जातात, आणि तळव्यावरचं वजन जवळपास जिथल्या तिथे राहतं. वरून माणसाला वाटतं की आपण सुधारणा केली. दुसरी चूक म्हणजे ‘ताठ उभे राहा’ ऐकून छाती वर काढणं. त्याने बरगड्या उचलल्या जातात आणि वजन टाचेकडे पळतं. ताडासनात पुष्कळांचं हेच होतं.

पडताळा: श्वास न रोखता दहाही बोटं वर उचला. शरीर मागे झटकलं तर वजन फार पुढे होतं, बोटं त्याला टेकू देत होती. मग टाचा कागदाच्या जाडीएवढ्या उचला. त्यासाठी थोडं पुढे प्रत्येकालाच यावं लागतं, पण मोठा झोका घ्यावा लागला तर वजन फार मागे होतं. दोन्ही गोष्टी शांतपणे जमल्या की पुढे जा.

## टप्पा ५: आतली आणि बाहेरची बाजू

पाऊल आत कलतंय असं कळलं की लोक बाहेरच्या कडेवर कलतात. कमान उंच दिसते, पण अंगठ्याचं मूळ उचललं गेलेलं असतं, आणि हा घोटा मुरगळण्याचा सरळ रस्ता आहे.

कागदाच्या तीन पट्ट्या कापा आणि अंगठ्याच्या मुळाखाली, करंगळीच्या मुळाखाली, टाचेखाली एकेक ठेवा. मदतनीसाने हलकेच ओढून बघावं. एखादी पट्टी अलगद निघून आली तर तिथे भार नाही. बोटांनी दाबून पट्टी धरण्याचा मोह आवरा. बोटं उचलूनही एकदा ओढून बघा.

आता पावलं जागेवरून न हलवता दोन्ही मांड्या किंचित बाहेर फिरवायचा प्रयत्न करा, जणू गुडघ्यांच्या वाट्या बाहेर वळवायच्या आहेत. कुल्ल्यांचे स्नायू हलके आवळले जातील आणि कमान आपोआप जराशी उचलली जाईल. वाटी दुसऱ्या बोटाच्या दिशेला आली की थांबा. अंगठ्याखालची पट्टी सुटली तर तुम्ही जास्त फिरवलंत.

हे जमल्यावरच तळव्याचं काम: बोटं न वाकवता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढल्यासारखं करा, पाच सेकंद धरा, सोडा. आठ-दहा वेळा पुरे. तळव्यात पेटके आले तर थांबा. बोटं वळत असतील तर चुकीचे स्नायू काम करत आहेत. आधी बसून शिका, मग उभं राहून करा. दिवसभर कमान आवळून फिरू नका. हा व्यायाम आहे, उभं राहण्याची पद्धत नव्हे.

## टप्पा ६: बोटं

बोटं उचला, पसरवा, करंगळीकडून सुरू करून एकेक खाली सोडा. ती फक्त टेकलेली हवीत. नखांच्या टोकाशी कातडी पांढरी पडत असेल तर तुम्ही अजून आवळत आहात, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण चौथ्या टप्प्यात सापडतं.

## टप्पा ७: ओटा, रांग, लोकल

अनवाणी, रिकाम्या हाताने जमलेलं स्वयंपाकघरात टिकत नाही, याला ओटा कारणीभूत असतो. बऱ्याच ओट्यांखाली ट्रॉल्यांची दारं सरळ खालपर्यंत येतात, पावलांची बोटं आत सरकायला जागाच नसते. मग माणूस मागे उभा राहून वरून पुढे झुकतो आणि तासन्‌तास चवड्यावर भार येतो. नवं स्वयंपाकघर करत असाल तर तळाची पट्टी चार बोटं आत घ्यायला सुताराला सांगा. जुन्यात निदान पोळ्या लाटताना एक पाऊल पुढे, एक मागे ठेवा आणि दर काही मिनिटांनी बदला. एक पाय पाटावर ठेवून आळीपाळीने उभं राहिलं की कमरेलाही बरं वाटतं.

एकाच ‘अचूक’ स्थितीत गोठून उभं राहू नका. शिक्षक, परिचारिका, दुकानात काउंटरमागे उभे असणारे, सगळ्यांना हे लागू आहे. उत्तम वाटलेलं वजनही अर्धा तास तिथेच राहिलं तर त्रास देतं. वजन फिरतं ठेवा, आणि फिरून परत यायला मध्य माहीत असू द्या.

लोकलमध्ये किंवा एसटीत सराव करू नका. तिथे गाडीच्या दिशेने एक पाय पुढे, एक मागे, गुडघे सैल, हात कडीला. बोटांनी पकड घेतली तरी तिथे ते योग्यच आहे.

पादत्राण घालून टप्पा ३ आणि ४ पुन्हा करा. टाच उंच असली की भार चवड्याकडे सरकतो, आणि पुष्कळ स्पोर्ट्स शूजचीही टाच पुढच्या भागापेक्षा उंच असते. सैल हवाई चपलेत ती निसटू नये म्हणून बोटं आवळली जातात. दिवसभर उभं राहायचं असेल तर मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. मधुमेहात तळवे बधिर असतील तर मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या स्पंजासारख्या) रबराची, मागे पट्टा असलेली पादत्राणं घरातही घालावीत.

## डॉक्टरांकडे कधी

सकाळी उठल्यावरची पहिली काही पावलं टाचेत कळ आणत असतील आणि हे काही आठवडे टिकलं असेल. एकाच पायाची कमान मोठेपणी बसत चालली असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल आणि त्या एका पायावर टाच उचलता येत नसेल. तळव्याला मुंग्या, बधिरपणा किंवा न भरणारी जखम असेल. मधुमेहात जखमेसाठी एक दिवसही थांबू नका. पाय अचानक गरम, लाल, सुजलेला दिसला तर त्याच दिवशी जा. उरलेल्या तक्रारींसाठी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट. जाताना नवी कोरी नव्हे, तर रोजच्या वापरातली झिजलेली चप्पल, खाकी कागदावरचे दोन्ही छाप आणि काट्यांचे लिहून ठेवलेले आकडे सोबत न्या.